करांवरील दंड, व्याज आणि विलंब शुल्क : नाशिककर करदात्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि जिल्ह्यातील व्यापारी, लघुउद्योजक, बागायतदार व नोकरदार यांच्याकडून दंडाबाबत नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. मुख्य भर आयकर आणि जीएसटीवर असून घरपट्टीच्या शास्तीचा उल्लेख थोडक्यात केला आहे. आयकराची कलमे १९६१ च्या अधिनियमातील आहेत. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येत असला, तरी त्याआधीच्या वर्षांची प्रकरणे जुन्या कायद्यानेच चालतात. दर आणि मुदती २०२५ अखेरच्या तरतुदींप्रमाणे दिलेल्या असल्याने प्रत्येक अर्थसंकल्पानंतर त्या एकदा तपासून घ्याव्यात.

दंडाची नोटीस आली आहे. सर्वांत आधी काय पाहावे?

सर्वप्रथम नोटीस खरी आहे का, ते पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन हा दस्तऐवज क्रमांक असतो. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही त्यावरून पत्राची खातरजमा करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पत्रातील लिंक उघडून पैसे भरण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी अवश्य करावी.

त्यानंतर कलम, वर्ष आणि उत्तराची शेवटची तारीख या तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. नोटीस म्हणजे दंडाचा आदेश नव्हे. कलम २७४ नुसार करदात्याला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय दंड करता येत नाही आणि नोटीस ही तीच संधी असते. सवलत मिळण्याची सर्वांत मोठी शक्यता याच टप्प्यावर असते. ‘सीए बघतील’ असे म्हणून नोटीस ईमेलमध्ये पडून राहिली आणि दंड कायम झाला, अशी प्रकरणे पाहताना वाईट वाटते, कारण त्यांतील अनेकांकडे सांगण्यासारखे खरे कारण होते.

दंड, व्याज आणि विलंब शुल्क यांत फरक काय?

हा फरक नीट समजला नाही, तर माफीचा अर्ज चुकीच्या ठिकाणी जातो. म्हणून तो सविस्तर सांगतो.

विलंब शुल्क केवळ उशीर झाला म्हणून लागते. त्यात हेतू पाहिला जात नाही आणि ते कमी करण्याचा अधिकार साधारणपणे स्थानिक अधिकाऱ्याला नसतो. आयकर विवरणपत्र उशिरा भरल्यास कलम २३४एफ खाली लागणारे ५,००० रुपये (एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये) हे असे शुल्क आहे.

व्याज हे सरकारचे पैसे आपल्याकडे राहिल्याचा मोबदला म्हणून घेतले जाते. विवरणपत्राला उशीर झाल्यास कलम २३४ए, आगाऊ कर कमी भरल्यास २३४बी आणि त्याचे हप्ते चुकल्यास २३४सी लागू होते. या तिन्हींचा दर दरमहा १ टक्का आहे. कर आकारणीनंतरची मागणी ३० दिवसांत भरली नाही, तर कलम २२०(२) नुसार पुन्हा दरमहा १ टक्का व्याज सुरू होते. व्याज माफ होऊ शकते, पण त्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि त्याच्या अटी कडक आहेत.

दंड किंवा शास्ती ही कसुराबद्दलची शिक्षा असते. तेथे कारण, हेतू, वर्तन आणि सहकार्य या सर्वांचा विचार होतो, म्हणून वाद घालायला आणि सवलत मागायला खरी जागा तेथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हिंदुस्थान स्टील प्रकरणात स्पष्ट केले आहे की, दंड करणे कायद्याने शक्य आहे एवढ्यावरून तो करू नये. कसूर तांत्रिक वा किरकोळ असेल किंवा प्रामाणिक समजुतीतून झाला असेल, तर अधिकाऱ्याने दंड न करणे उचित ठरते. हे तत्त्व आजही खुलाशांत आणि अपिलांत मांडले जाते.

विवरणपत्राची मुदत हुकली. ५,००० रुपये माफ होतील का?

सर्वसाधारणपणे नाही. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असून विवरणपत्र भरण्याचे अन्य कोणतेही बंधन नसेल, तर मात्र हे शुल्क लागत नाही. उशिरा विवरणपत्राची मुदतही निघून गेली असेल आणि परतावा अडकला असेल, तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब क्षमापित करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या अर्जांसाठी संबंधित कर निर्धारण वर्ष (ज्या वर्षाचे उत्पन्न, त्याच्या पुढचे आर्थिक वर्ष) संपल्यापासून ५ वर्षांची मर्यादा आहे आणि १ कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयकर आयुक्त किंवा आयकर आयुक्त निर्णय घेतात. आजारपण, घरातील मृत्यू किंवा मूळ कागदपत्रे हाती नसणे यांसारखे कारण पुराव्यासह दिले, तर हे अर्ज मंजूर होतात.

गंगापूर रोडला फ्लॅट घेतला आणि १ टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा कर) भरायचा राहिला. आता काय?

नाशिकमध्ये नोकरदार कुटुंबांना हा फटका फार वेळा बसतो. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीची मालमत्ता निवासी भारतीयाकडून घेताना खरेदीदाराने १ टक्का कर कापून, ज्या महिन्यात कपात झाली तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत फॉर्म २६क्यूबीद्वारे भरायचा असतो. बिल्डरच्या कार्यालयात, बँकेत आणि नोंदणी कार्यालयात इतक्या सह्या होतात की, ही जबाबदारी आपली आहे हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

उशीर झाल्यास कलम २३४ई खाली दररोज २०० रुपये शुल्क लागते. मात्र ते टीडीएसच्या रकमेपेक्षा जास्त होऊ शकत नाही. ६० लाखांच्या फ्लॅटवर टीडीएस ६०,००० रुपये होतो. ३०० दिवसांत शुल्कही ६०,००० वर पोहोचते आणि तेथे थांबते. व्याज वेगळे लागते : कर कापलाच नसेल, तर दरमहा १ टक्का आणि कापून भरला नसेल, तर दीड टक्का. हे शुल्क असल्याने ‘वाजवी कारण’ दाखवून माफ होत नाही. म्हणून चूक लक्षात आलेल्या दिवशीच फॉर्म भरणे, हाच पैसे वाचवण्याचा मार्ग आहे. हप्त्यांनी पैसे दिले असतील, तर प्रत्येक हप्त्याचा हिशेब वेगळा होतो, हेही पाहावे.

उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल किती दंड होतो?

कलम २७०ए दोन पायऱ्या सांगते. उत्पन्न कमी दाखवले गेले असेल, तर त्यावरील कराच्या ५० टक्के दंड होतो. तेच उत्पन्न खोट्या पद्धतीने दडवलेले असेल, म्हणजे वह्यांत खोटी नोंद, पुरावा नसलेला खर्च, न नोंदलेली जमा किंवा वस्तुस्थितीचा विपर्यास असेल, तर २०० टक्के. कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कर १ लाख असेल, तर एका बाजूला ५० हजार आणि दुसऱ्या बाजूला २ लाख असा हा फरक आहे. म्हणून नोटिशीत या दोहोंपैकी नेमका कोणता आरोप आहे, ते आधी वाचावे. नोटीस संदिग्ध असेल, तर पहिल्याच उत्तरात तसा आक्षेप नोंदवावा. जुन्या कलम २७१(१)(क) बाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये नोटिशीतील असा दोष दंडाच्या मुळावर येतो, असे ठरवले आहे.

सर्व तपशील उघड करून प्रामाणिकपणे दिलेले स्पष्टीकरण अधिकाऱ्याला पटले, तर ती रक्कम ‘कमी दाखवलेली’ धरली जात नाही. २०१२ च्या प्राइस वॉटरहाऊस कूपर्स निकालात कर लेखापरीक्षण अहवालात अमान्य खर्च नमूद होता, पण उत्पन्न काढताना तो अनवधानाने उत्पन्नात परत मिळवायचा राहिला होता. ही मानवी चूक आहे, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने दंड रद्द केला. तो निकालही जुन्या कलमाखालचा आहे, पण मुद्दा आजही उपयोगी पडतो.

येथे नोकरदारांना कळकळीने सांगावेसे वाटते. ‘जास्त परतावा काढून देतो’ असे सांगून खोट्या देणग्या, खोटे घरभाडे किंवा नसलेला विमा हप्ता दाखवणाऱ्या माणसांच्या नादी लागू नये. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा वजावटींविरुद्ध देशभर तपासणी मोहीम घेतली. दलाल टक्केवारी घेऊन निघून जातो आणि विवरणपत्राची जबाबदारी मात्र करदात्यावरच राहते.

नोटीस येण्याआधीच चूक लक्षात आली तर?

सुधारित विवरणपत्राची मुदत असेल, तर ते भरावे. नसेल, तर कलम १३९(८ए) खाली अद्ययावत विवरणपत्र भरता येते. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून १२, २४, ३६ आणि ४८ महिन्यांपर्यंत अनुक्रमे २५, ५०, ६० आणि ७० टक्के अतिरिक्त कर लागतो. कर कमी करण्यासाठी किंवा परतावा वाढवण्यासाठी ही सोय वापरता येत नाही, तसेच त्या वर्षाची कर निर्धारणाची कार्यवाही सुरू झाली असेल तर ती मिळत नाही.

कर भरून टाकला, तर दंडातून पूर्ण सुटका होते का?

होऊ शकते आणि ही तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे. कलम २७०एए नुसार आदेशाप्रमाणे कर व व्याज मागणीच्या नोटिशीतील मुदतीत भरले, त्या आदेशाविरुद्ध अपील केले नाही आणि फॉर्म ६८ मध्ये वेळेत अर्ज केला, तर कलम २७०ए चा दंड आणि त्यासोबतचा फौजदारी खटला या दोहोंपासून संरक्षण मिळते. २०२५ अखेरच्या कायद्यात ही सोय ‘कमी दाखवलेल्या’ उत्पन्नापुरती आहे. २०० टक्क्यांच्या प्रकरणांना ती नाही.

गल्लत होते ती दोन मुदतींमध्ये. समजा, आदेश आणि मागणीची नोटीस १० डिसेंबरला मिळाली. पैसे ३० दिवसांत, म्हणजे ९ जानेवारीपर्यंत भरायचे आणि अर्ज मात्र आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून एका महिन्यात, म्हणजे ३१ जानेवारीपर्यंत करायचा. अर्जाची तारीख ध्यानात ठेवून पैसे २० जानेवारीला भरले, तर अर्ज वेळेत असूनही अट मोडते.

हा मार्ग घेण्याआधी विचार करावा, कारण अर्ज मंजूर झाल्यावर मूळ कराविरुद्ध अपील करता येत नाही. आपली बाजू भक्कम असेल आणि रक्कम मोठी असेल, तर अपील योग्य. चूक खरोखर झाली असेल, तर फॉर्म ६८ भरावा. अर्ज फेटाळला गेला, तर तो प्रलंबित असलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो.

‘वाजवी कारण’ म्हणजे नेमके काय आणि ते कसे मांडावे?

कलम २७३बी मध्ये ज्या दंडांची यादी आहे, त्यांत करदात्याने वाजवी कारण सिद्ध केले, तर दंड होत नाही. लेखापरीक्षण वेळेत न करणे (२७१बी), वह्या न ठेवणे (२७१ए) आणि रोखीने कर्ज घेणे (२७१डी) यांसारखी कलमे त्यात आहेत. सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्याची आहे, म्हणून ‘कामाच्या व्यापात राहून गेले’ हे वाक्य पुरत नाही.

उदाहरण घेऊ. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखानदाराची उलाढाल २ कोटी असून लेखापरीक्षण अहवाल उशिरा गेला. कलम २७१बी खाली उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख यांपैकी कमी, म्हणजे १ लाख रुपये दंड होऊ शकतो. हिशेबनीस ऐन सप्टेंबरमध्ये रुग्णालयात होता, हे कारण आहे. खुलाशात सुरुवातीलाच कायद्याची मुदत, हिशेबनीस दाखल झाल्याची व घरी आल्याची तारीख, वह्या लेखापरीक्षकाकडे दिल्याची तारीख आणि अहवाल दाखल झाल्याची तारीख एका ओळीखाली एक लिहावी. डिस्चार्ज कार्ड, पगारपत्रक आणि लेखापरीक्षकाशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडावा. आधीच्या वर्षांचे अहवाल वेळेत असतील, तर त्यांच्या पावत्याही लावाव्यात. कर आधीच भरलेला असल्याने सरकारचे नुकसान झालेले नाही, हे शेवटी नमूद करावे. पानभर विनवण्यांपेक्षा असा तारखांचा तक्ता अधिकाऱ्याला निर्णय लिहायला आधार देतो.

नातेवाईकांकडून रोख उसने घेतले. त्यावरही दंड आहे का?

आहे, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. २०,००० रुपये किंवा अधिक कर्ज अथवा ठेव रोखीने घेण्यास कलम २६९एसएस मनाई करते. निफाड आणि दिंडोरी भागातील शेतकऱ्यांसाठी यात महत्त्वाचा अपवाद आहे : देणारा आणि घेणारा या दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल आणि दोघांपैकी कोणाचेही करपात्र उत्पन्न नसेल, तर हे बंधन लागू होत नाही. पण घेणाऱ्याचे खत-औषधांचे दुकान किंवा आडत असेल आणि त्यातून करपात्र उत्पन्न असेल, तर हा अपवाद टिकत नाही. अशा वेळी तातडीची गरज आणि व्यवहाराचा खरेपणा दाखवून २७३बी चा आधार घ्यावा लागतो.

गडकरी चौकातील आयकर कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष बोलले, तर काम होईल का?

कामावर अवलंबून आहे. बहुतेक दंड प्रकरणे आता चेहराविरहित पद्धतीने चालतात. अधिकारी कोणत्या शहरात आहे हे कळत नाही आणि उत्तर पोर्टलवरूनच द्यावे लागते. सुनावणी हवी असल्यास व्हिडिओद्वारे मागता येते. मात्र मागणीला स्थगिती, कलम १५४ खालील दुरुस्ती, भरलेल्या चलनाचे श्रेय न मिळणे यांसाठी आपल्या कार्यक्षेत्राचा अधिकारी नाशिकमध्येच असतो आणि तेथे लेखी अर्ज देऊन पोच घेणे उपयोगी पडते. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दंड मान्य आहे, पण भरायला पैसे नाहीत. काय करता येईल?

कलम २७३ए(४) खाली खरी आर्थिक हलाखी आणि तपासात केलेले सहकार्य दाखवून प्रधान आयुक्तांकडे दंड कमी किंवा माफ करण्याचा अर्ज करता येतो. कलम २२०(२) च्या व्याजासाठी २२०(२ए) खाली तसाच अर्ज असतो. त्यात हलाखी, आपल्या नियंत्रणाबाहेरची परिस्थिती आणि सहकार्य या तिन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात; नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार ५० लाखांपर्यंतच्या व्याजावर प्रधान आयुक्त निर्णय घेतात. गारपिटीने बाग गेली असेल, तर पंचनामा, पीक कर्जाचा उतारा आणि बँकेची वसुली नोटीस हे कागद शब्दांपेक्षा जास्त बोलतात.

अपील प्रलंबित असताना वादातील मागणीच्या २० टक्के रक्कम भरल्यास उरलेल्या रकमेला साधारणपणे स्थगिती मिळते. व्याज मात्र चालूच राहते. हप्ते पाडून मागता येतात. मागताना पहिला हप्ता भरून चलन सोबत जोडावे.

जीएसटीमध्ये दंड टाळण्यासाठी कोणत्या सवलती आहेत?

विवरणपत्राचे विलंब शुल्क दररोज ५० रुपये आणि व्यवहार नसल्यास २० रुपये आहे. जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे नियमित विवरणपत्र) साठी त्याची कमाल मर्यादा व्यवहार नसल्यास ५००, दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला २,०००, ५ कोटींपर्यंत ५,००० आणि त्यापुढे १०,००० रुपये आहे. हे शुल्क केवळ सरकारी अधिसूचनेने माफ होते.

खरी सवलत वेळेत कर भरण्यात आहे. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांसाठी फसवणूक नसलेल्या प्रकरणात (कलम ७३) नोटिशीआधी किंवा नोटिशीनंतर ३० दिवसांत कर व व्याज भरल्यास सर्वसाधारणपणे दंड लागत नाही. नाहीतर कराच्या १० टक्के किंवा १०,००० यांपैकी जास्त रक्कम लागते. २०२४-२५ पासून कलम ७४ए लागू असून ही मुदत ६० दिवसांची आहे. फसवणुकीच्या आरोपात मात्र दंड कराच्या रकमेइतका असतो आणि लवकर भरल्यास टप्प्याटप्प्याने कमी होतो. कलम १२६ सांगते की, ५,००० रुपयांपेक्षा कमी कराचा किरकोळ भंग किंवा सहज दुरुस्त होणारी, हेतू नसलेली चूक असेल, तर दंड करू नये. ते खुलाशात आवर्जून लिहावे. २०१७-१८ ते २०१९-२० साठीची कलम १२८ए ची अभय सवलत मात्र आता संपली आहे.

ई-वे बिलातील (माल वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायच्या बिलातील) एका आकड्याच्या चुकीने गाडी अडवली. पूर्ण दंड भरावा का?

भरू नये. कलम १२९ चा दंड कराच्या दुप्पट असतो, पण तो प्रत्येक चुकीला नाही. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार गाडी क्रमांकातील एक-दोन आकडे, पिनकोड किंवा नावाचे स्पेलिंग चुकले असेल आणि इनव्हॉइससह ई-वे बिल सोबत असेल, तर केंद्र व राज्य मिळून १,००० रुपये एवढाच दंड घ्यावा. घोटी किंवा द्वारका परिसरात रात्री गाडी थांबली की, मालक घाईने मोठी रक्कम भरून मोकळा होतो. चालकाच्या फाइलमध्ये या परिपत्रकाची प्रत ठेवावी आणि आदेश लेखी मागावा.

घरपट्टीवरील शास्ती माफ होते का?

थकीत घरपट्टीवर महानगरपालिका दरमहा २ टक्के शास्ती लावते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. पालिका वेळोवेळी अभय योजना जाहीर करते, तेव्हा ठरावीक तारखेपर्यंत मूळ कर भरणाऱ्यांना शास्तीत सूट मिळते. योजनेची वाट पाहत थकबाकी वाढवणे मात्र शहाणपणाचे नाही. आकारणीच चुकीची असेल, उदाहरणार्थ स्वतः राहत असलेले घर भाड्याचे दाखवले असेल, तर आपल्या विभागीय कार्यालयात लेखी हरकत द्यावी.

दंडाच्या आदेशाविरुद्ध अपील किती दिवसांत करावे?

आयकरात ३० दिवसांत, फॉर्म ३५ द्वारे आयुक्त (अपील) यांच्याकडे. पुढचे अपील आयकर अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाते आणि नाशिकसाठी ते पुणे खंडपीठ आहे. उशिराचे सबळ कारण असेल, तर आयकरात विलंब क्षमापित होऊ शकतो. जीएसटीत ३ महिने आणि कारण पटल्यास आणखी १ महिना; त्यापुढे अपिलीय अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. मूळ कर निर्धारणाविरुद्ध अपील चालू असेल, तर तेवढ्या काळापुरती दंडाची कार्यवाही स्थगित ठेवण्याची विनंती खुलाशातच करावी, कारण उत्पन्नात केलेली मूळ वाढ रद्द झाली की त्यावरील दंडही उरत नाही.

अपील जिंकल्यावर भरलेला दंड परत मिळतो का?

मिळतो. आयकरात कलम २४४ए नुसार त्यावर दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते. अपिलाचा आदेश आल्यावर तो अमलात आणण्यासाठी गडकरी चौकातील आपल्या कार्यक्षेत्राच्या अधिकाऱ्याकडे आदेशाची प्रत, चलने आणि बँक खात्याचा तपशील जोडून अर्ज द्यावा आणि पोर्टलवरील थकबाकीच्या यादीतून ती मागणी काढली गेली आहे ना, हेही पाहावे. ती तशीच राहिली, तर पुढच्या वर्षीचा परतावा तिच्यापोटी वळता केला जाऊ शकतो.